शासकीय हस्तक्षेप, आर्थिक

शासकीय हस्तक्षेप, आर्थिक : उत्पादन, विनिमय, वाटप व उपभोग या व्यवहारांचा बाजारातील ओघ जसा राहिला असता, त्यात बदल घडवून आणण्याच्या हेतूने शासनाने कायदा, कर, अनुदान, खरेदी-विक्री, किंमतनिश्चिती वा प्रत्यक्ष उत्पादन या मार्गांनी केलेली कृती. मालमत्तेचे हक्क ठरविणे, करारांची अंमलबजावणी करणे व चलन पुरविणे ही कामे शासनाने केल्याशिवाय बाजार उभाच राहत नाही. त्यामुळे पूर्णतः हस्तक्षेपरहित अर्थव्यवस्था ही केवळ सैद्धांतिक कल्पना होय. धोरणाच्या चर्चेत खरा प्रश्न असतो तो हस्तक्षेप कोणत्या बाबतीत, कोणत्या साधनाने व कितपत करावा हा, आणि तो केल्यानंतर हेतू साध्य झाला की नाही हे कशावरून ठरवावे हा. यांतील दुसऱ्या प्रश्नाकडे दीर्घकाळ कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार अधिक विस्ताराने केला असून त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा-शहादा परिसराचा अनुभव उदाहरणादाखल घेतला आहे.

सैद्धांतिक आधार : ॲडम स्मिथ (१७२३–९०) याने १७७६ मधील आपल्या ग्रंथात संरक्षण, न्यायदान आणि खाजगी व्यक्तीस परवडणार नाहीत अशी सार्वजनिक बांधकामे व संस्था ही शासनाची तीन कर्तव्ये सांगितली. त्याच्या अनुयायांनी पुढे निर्हस्तक्षेपाचे तत्त्व जितके कठोर केले, तितके ते स्मिथच्या लेखनात नाही. ए. सी. पिगू (१८७७–१९५९) याने १९२० मध्ये खाजगी व सामाजिक परिव्यय यांतील तफावतीवर बोट ठेवले. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडले, तर त्याचा खर्च कारखानदारास नव्हे, खालच्या गावास सोसावा लागतो. अशा वेळी किमती खरी परिस्थिती सांगत नाहीत व कर वा अनुदान यांच्या द्वारा त्या दुरुस्त करणे समर्थनीय ठरते. रोनाल्ड कोस (१९१०–२०१३) याने १९६० मध्ये यास मर्यादा घातली : हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च पडत नसेल, तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. व्यवहारात वाटाघाटींना खर्च पडतोच आणि हक्क क्वचितच स्पष्ट असतात. जॉन मेनार्ड केन्स (१८८३–१९४६) याने १९३६ मध्ये एकूण मागणीच्या तुटीमुळे येणाऱ्या बेकारीवर शासकीय खर्चाचा उपाय सुचविला. रिचर्ड मस्ग्रेव्ह (१९१०–२००७) याने १९५९ मध्ये शासनाच्या वित्तीय कार्याची साधनवाटप, विभाजन व स्थैर्य अशी त्रिविध मांडणी केली व ती पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

भारतात हा वाद वेगळ्या भूमीवर उभा राहिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्लंडमधील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडतात ही समजूत खोडून काढली. भांडवल साशंक, श्रम स्थितिशील आणि व्यवहार करारापेक्षा रूढीने चालणारे, अशा समाजात मुक्त स्पर्धेचे गृहीतच लंगडे पडते, म्हणून उद्योगांच्या उभारणीत शासनाने पुढाकार घेतला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परकीय शासनाकडून ही अपेक्षा कितपत पुरी होणार, हा प्रश्न त्या काळीही अनेकांनी विचारला.

त्याआधीच मुंबई इलाख्यात एक मोठा हस्तक्षेप घडला होता. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. कर्जरोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला आणि शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावेत अशी तरतूद केली. परिणामी अनेक सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडीच राही. कागदोपत्री गहाणांचा बोजा हलका झालेला दिसे, प्रत्यक्षात मात्र कुळाची स्थिती पूर्वीहून नाजूक होई. पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा खरेदीमागील तोंडी बोली तपासण्यास न्यायालयास मोकळीक द्यावी लागली. हस्तक्षेपाचा परिणाम ज्या दप्तरावरून मोजावयाचा, त्या दप्तराचे स्वरूपच हस्तक्षेपामुळे बदलते, याचे हे मराठी मुलखातील पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

मूल्यमापनाच्या कसोट्या : ‘योजनेपूर्वी’ व ‘योजनेनंतर’ अशी तुलना सोपी असली, तरी ती फसवी असते. चांगला पाऊस, बाजारभावातील तेजी वा लोकसंख्येचे स्थलांतर यांचे श्रेय वा अपश्रेय तीत योजनेच्या पदरी पडते. योजना नसती, तर काय घडले असते, याच्याशी तुलना हवी. ही स्थिती प्रत्यक्षात पाहता येत नाही. ती अनुमानाने उभी करावी लागते. त्याचा एक मार्ग म्हणजे योजना लागू झालेल्या प्रदेशाशी मिळताजुळता पण तीपासून वंचित प्रदेश निवडणे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा जो अभ्यास केला (१९४८), त्यात कालव्याखालील गावे व शेजारची कोरडवाहू गावे यांची अशी तुलना आढळते. पाणीपट्टीच्या वसुलीवरूनच कालव्याचा नफातोटा ठरविण्याची ब्रिटिश अमदानीतील पद्धत त्यामुळे अपुरी ठरली. मजुरी, व्यापार, वाहतूक व प्रक्रिया-उद्योग यांत निर्माण होणारे उत्पन्नही हिशेबात आले.

दुसरी कसोटी वाटपाची. निकोलस कॅल्डॉर (१९०८–८६) व जॉन हिक्स (१९०४–८९) यांनी १९३९ मध्ये असे सुचविले, की ज्यांना लाभ झाला ते हानी झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल इष्ट समजावा. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, अशी अट या कसोटीत नाही. परिव्यय-लाभ विश्लेषणाचा बराचसा डोलारा या ‘शकत असतील’ वर उभा आहे. तिसरी कसोटी साधनांची. यान टिंबर्गेन (१९०३–९४) याने १९५२ मध्ये दाखविल्याप्रमाणे जितकी स्वतंत्र उद्दिष्टे, तितकी स्वतंत्र साधने लागतात. एकाच किमतीने शेतकऱ्याचे उत्पन्न, गिरणीचा कच्चा माल आणि राज्याची तिजोरी या तिन्ही बाबी सांभाळता येत नाहीत. चौथी बाब म्हणजे शासनाचे स्वतःचे अपयश. १९६० नंतरच्या सार्वजनिक निवडीच्या सिद्धांतानुसार मंत्री, अधिकारी व संघटित हितसंबंध हेही आपापले लाभ पाहतात. तेव्हा सदोष बाजाराची तुलना आदर्श शासनाशी न करता प्रत्यक्षातील शासनाशी केली पाहिजे.

केंद्र शासनाने १९५२ मध्ये योजना आयोगाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. तिचे काम २०१५ पासून नीती आयोगातील विकास देखरेख व मूल्यमापन कार्यालयाकडे आले.

लोणखेडा-शहादा परिसर : लोणखेडा हे शहादा शहरास लागून असलेले गाव. हा परिसर पूर्वी पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात व १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. दक्षिणेस तापीकाठची काळी कसदार जमीन, उत्तरेस सातपुड्याचे डोंगर आणि मधून वाहत जाऊन प्रकाशे येथे तापीस मिळणारी गोमाई, अशी येथील रचना आहे. ईशान्येस मध्य प्रदेशातील खेतिया ही कापसाची बाजारपेठ व पश्चिमेस गुजरातची हद्द. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, कोकणा व मावची या त्यांतील प्रमुख जमाती. लोणखेड्यास शैक्षणिक संस्थांमुळे महत्त्व आले असून पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे. बागायतदार व सालदार, म्हणजे सालाने बांधलेला शेतमजूर, यांच्यातील अंतर येथे चटकन नजरेत भरते. जमीन, किंमत, रोजगार व पाणी या चारही बाबतींतील महाराष्ट्र शासनाचे मोठे हस्तक्षेप एवढ्याशा टापूत एकामागून एक येऊन गेले, म्हणून मूल्यमापनाच्या दृष्टीने हा परिसर उद्‌बोधक ठरतो.

जमीन : कर्ज, गहाण व फसवे दस्त यांच्या योगे आदिवासींच्या जमिनी हातच्या जाण्याची प्रक्रिया येथे पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. मालक सालदार बने व आपल्याच शेतात राबे. १९७० नंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली व १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या द्वारा येथील आदिवासी मजूर संघटित झाले. सालदारकीच्या अटी, मजुरीचे दर व गेलेल्या जमिनी हे त्यांच्या चळवळीचे विषय होते. राज्य शासनाने १९७४ मध्ये महसूल कायद्यात दुरुस्ती करून ६ जुलै १९७४ पासून आदिवासींची जमीन पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीस हस्तांतरित करण्यास मनाई केली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरित जमिनी मूळ मालकास परत करण्यासाठी वेगळा अधिनियम करण्यात आला व जिल्हाधिकाऱ्यास स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा अधिनियम वैध ठरविला.

मुक्त बाजाराच्या तर्काने पाहिले, तर विक्रीवरील बंदीमुळे जमिनीची तारणक्षमता व म्हणून आदिवासीचे कर्ज घेण्याचे सामर्थ्य घटते. हा आक्षेप पोकळ नाही. मात्र तो घेताना पूर्वीची विक्री खुषीची होती, असे धरून चालावे लागते. या परिसरातील अनुभव तसा नाही. अधिनियमाची खरी मर्यादा दुसरीच होती. सातबारावर ज्याचे वा ज्याच्या पूर्वजाचे नाव कधी लागलेच नव्हते आणि ज्याची जमीन तोंडी व्यवहारात गेली होती, त्याला परत मागण्यासारखे कागदोपत्री काहीच नव्हते. परत केलेल्या जमिनींच्या आकड्यात यश दिसते. अर्जच करू न शकलेल्यांचा आकडा कोणत्याही तक्त्यात येत नाही.

कापूस एकाधिकार खरेदी : महाराष्ट्रातील बहुतांश कापूस कोरडवाहू. हंगामात सर्वांचा माल एकदम बाजारात आला, की भाव कोसळत व साठवणूक करू शकणारा व्यापारी पुढच्या तेजीचा लाभ घेई. हा मध्यस्थाचा नफा उत्पादकाकडे वळवावा, म्हणून १९७१ च्या अधिनियमानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात कच्च्या कापसाच्या खरेदीचा एकाधिकार शासनाने स्वतःकडे घेतला. राज्य सहकारी पणन संघाने व १९८४ पासून कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र पणन महासंघाने खरेदी केंद्रे चालविली. कापूस प्रतवारीनुसार हमीभावाने घ्यावयाचा, सरकी काढून रुईच्या गासड्या बांधून विकावयाच्या, नफा झाल्यास उत्पादकास बोनस द्यावयाचा व काही भाग चढउतार निधीत टाकावयाचा, तोटा आल्यास शासनाने तो सोसावयाचा, अशी ही रचना. देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्याने एवढ्या व्यापक प्रमाणावर असा प्रयोग केला नाही.

एकाधिकार राज्याचा आणि बाजार मात्र देशाचा, ही या योजनेतील मूळची विसंगती होय. मुंबईच्या कचेरीत ती आकडेवारीतून कळे. शहादा-खेतिया रस्त्यावर ती उघड्या डोळ्यांनी दिसे. महाराष्ट्राचा हमीभाव बाहेरच्या भावापेक्षा वरचढ असला, की मध्य प्रदेश व अन्य शेजारी राज्यांतील कापूस इकडच्या केंद्रांवर येई व त्याचा तोटा महाराष्ट्राच्या तिजोरीवर पडे. बाहेरचा भाव चढला, की प्रवाह उलटे व इकडचा कापूस सीमेपलीकडे जाई. अशा रीतीने महागाचा कापूस शासनाच्या वाट्यास अधिक व स्वस्ताचा कमी येई. १९९४-९५ च्या तेजीत राज्यातील पुष्कळ कापूस असा बाहेर गेला. त्यानंतरच्या मंदीत हमीभावाने झालेल्या खरेदीत मोठा तोटा आला. तपासणी नाके व फौजदारी तरतुदी यांनी ही गळती थांबली नाही. उलट, आपलाच कापूस वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या बाजारात नेणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू लागला.

तथापि केवळ तोट्यावरून योजना फसली, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. आरंभीच्या वर्षांत बोनस मिळाला. त्याहून महत्त्वाचे असे, की दारातच कापूस घेऊन वजनात व दरात दुहेरी काट मारणाऱ्या खेडा खरेदीदाराची पकड सैल झाली. हा लाभ महासंघाच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. कारण तो शेतकऱ्याला खाजगी व्यापाऱ्याकडून जे मिळाले असते, त्याच्याशी तुलना केल्यावरच कळतो. नेमकी हीच तुलना करण्याजोगा सीमेपलीकडचा मुलूख या परिसरास लाभला होता. उलट पक्षी, चुकारे उशिरा मिळत. थांबण्याची ऐपत असलेल्या मोठ्या शेतकऱ्यास ते चालून जाई. दसरा-दिवाळीस रोख रकमेची निकड असलेला लहान शेतकरी आपला कापूस कमी भावात त्याच्या वा व्यापाऱ्याच्या हवाली करी व तोच कापूस दुसऱ्याच्या नावावर केंद्रावर जाई. केंद्र नोंदलेल्या कापूस उत्पादकाकडूनच माल घेई; त्यामुळे बटाईने वा तोंडी खंडाने जमीन करणाऱ्यासही हमीभाव आपल्या नावाने मिळत नसे. योजनेचे उद्दिष्ट ज्याच्यासाठी, तो नोंदवहीत नसल्याचा हा आणखी एक प्रकार. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीस मुभा मिळाली व एकाधिकार संपुष्टात आला. पुढे केंद्राच्या किमान आधारभूत किमतीनुसार होणारी खरेदी हीच हमीभावाची मुख्य व्यवस्था राहिली. उत्पादकता व सिंचन यांचा प्रश्न किमतीच्या साधनाने सुटला नाही, यात टिंबर्गेनच्या नियमाची प्रचीती येते.

रोजगार हमी : या हस्तक्षेपाचा पाया अगदी निराळा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे आरंभिलेला प्रयोग १९७२ मध्ये राज्याची योजना बनला. त्याच वेळी पडलेल्या भीषण अवर्षणामुळे दुष्काळी कामांनाच प्राधान्य द्यावे लागले. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील अकुशल अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या कोणाही प्रौढ व्यक्तीस पंधरा दिवसांत काम देणे, न दिल्यास बेकारी भत्ता देणे, ही शासनाची वैधानिक जबाबदारी झाली. खर्चासाठी मुख्यतः शहरांतील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविला गेला व तितकीच रक्कम शासनाने घालावयाची ठरले. मुंबईच्या पगारातून सातपुड्याच्या पायथ्याशी पाझर तलाव होत आहे, असा हा व्यवहार होता.

अर्थशास्त्रीय दृष्ट्या या योजनेचे वैशिष्ट्य असे, की लाभार्थी निवडण्यासाठी अधिकाऱ्याची गरज पडत नाही. उन्हात खडी फोडण्यास वा माती वाहण्यास सधन माणूस येणारच नाही. निवड आपोआप होते. धान्याच्या शिधापत्रिकेस किंवा कर्जमाफीस हा गुण नाही. दुसरा परिणाम नोंदीबाहेरचा. काम मागण्याचा हक्क असला, की गावातील मजुरीचा दर ठरविताना मजूर अगदी निरुपाय राहत नाही. शहादा परिसरात मजुरांची संघटना आधीच उभी असल्याने येथे या हक्काचा वापर सौदाशक्तीसाठी होऊ शकला. जेथे काम मागणारे संघटित नव्हते, तेथे तोच अधिनियम पुष्कळदा कागदावर राहिला. बागायतदारांच्या एका वर्गाची तक्रार, की योजनेमुळे मजूर मिळत नाहीत, ही या दृष्टीने योजनेच्या परिणामकारकतेची पावतीच होय.

स्वयंनिवडीचे हे तंत्र मजुरीच्या दरावर अवलंबून असते. १९८८ मध्ये राज्यातील शेतीच्या किमान वेतनाचे दर सुमारे दुपटीने वाढले व रोजगार हमीची मजुरीही तदनुसार वाढली. दर दुप्पट झाल्यावर काम मागणारे वाढावयास हवे. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांच्या १९९३ मधील अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वाढलेला खर्च आवरण्यासाठी कामांची उपलब्धताच मर्यादित केली गेली व हमीचे रूपांतर अंशतः शिधावाटपात झाले. उपस्थितीचा घसरता आकडा एरवी ‘ग्रामीण भागात कामाची गरज उरली नाही’ असा वाचला गेला असता, आणि काहींनी तो तसा वाचलाही. हजेरीपत्रकावर काम मिळालेल्याचे नाव असते, मागून न मिळालेल्याचे नसते. अर्जाची दिनांकित पोच देण्याचा आग्रह संघटनांनी वारंवार धरला, तो यासाठी. शिवाय काम सुरू करण्यास किमान पन्नास मजूर हवेत, हा नियम सपाटीवरील गावांना जाचक नव्हता. सातपुड्यातील विखुरलेल्या पाड्यांना तो होता. मजुरीवर निदान ६० टक्के खर्च करण्याच्या अटीमुळे कामे मजूरप्रधान राहिली, पण काही ठिकाणी पक्के बांधकाम अपुरे राहून तलावांचा टिकाऊपणा घटला. महाराष्ट्राच्या या अनुभवाचा २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या रचनेवर मोठा प्रभाव पडला.

पाणी : ऊस व केळी यांच्या लागवडीसाठी तापीचे पाणी उचलण्याच्या सहकारी उपसा योजना या भागात निघाल्या. वीजबिल, पंपांची दुरुस्ती व नदीतील अपुरा साठा यांमुळे त्यांपैकी अनेक दीर्घकाळ बंद पडल्या. पुढे तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या (१९९७) कारकिर्दीत सारंगखेडे व प्रकाशे येथे बंधारे पूर्ण झाले व पाणी अडले. ते शेतापर्यंत नेणारी यंत्रणा मात्र नादुरुस्तच होती. बंधारा एका खात्याचा, उपसा योजना संस्थेची, वीज तिसऱ्याची, अशा विभागणीत प्रत्येकाचा अहवाल आपापल्या परीने बरोबर असू शकतो.

नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाचा भार याच जिल्ह्यावर पडला. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानुसार महाराष्ट्रास विजेचा २७ टक्के हिस्सा मिळावयाचा होता. सिंचनाचा मुख्य लाभ गुजरातचा. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली व विस्थापितांपैकी बऱ्याच कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांत झाले. कॅल्डॉर-हिक्स कसोटीतील संभाव्य भरपाई येथे निवाड्याने सक्तीची केली : एक-चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावयाची होती. निवाडा या बाबतीत त्या काळच्या मानाने पुढारलेला होता. परंतु डोंगरातील अनेक गावांचे भूमापनच झालेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे सरकारी दप्तरी खातेदार नव्हे, तर वनजमिनीवरील अतिक्रमक होती. सबब त्यांची जमीन परिव्ययाच्या रकान्यात आरंभी धरलीच गेली नाही. प्रकल्पाचा लाभ-परिव्यय अनुपात त्या प्रमाणात अनुकूल दिसला. नर्मदा खोऱ्यातील आंदोलनानंतर जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातील त्रुटी नोंदविल्या व १९९३ मध्ये भारताने बँकेच्या कर्जाचा उर्वरित भाग नाकारला. धरणाचे काम मात्र चालू राहिले आणि २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले.

वनजमिनीवरील कसणुकीचे हक्क मान्य करणारा केंद्रीय अधिनियम २००६ मध्ये झाला. दाव्यांची छाननी त्याने प्रथम ग्रामसभेकडे सोपविली. २००८ च्या नियमांनुसार सरकारी अभिलेखांखेरीज शेताच्या बांधबंदिस्तीसारख्या प्रत्यक्ष खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या माणसांची लिहून घेतलेली निवेदने हीदेखील पुरावा म्हणून ग्राह्य आहेत.